आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे

ममाचं मशीन चालू असताना घरात कुणी नळ सोडायचा नाही, हा नियम मी केला. डॅडींनासुद्धा सांगून ठेवलं होतं, लघवीला जायचं तर बाहेर ओकच्या झाडामागे जा. ते गुपचूप जायचे. नियम ममासाठी आहे असं आम्ही दोघं दाखवायचो. खरा तो बोअरसाठी होता.

त्या दिवशी सकाळी ममा तिच्या खुर्चीत बसली होती. दंडात दोन्ही सुया टोचलेल्या, मांडीवर गोधडी, टीव्हीवर कुणीतरी केक सजवत होतं. तिचं रक्त नळीतून मशीनमध्ये जात होतं आणि साफ होऊन परत येत होतं. या डायलिसिसला पाणी लागतं, आणि थोडंथोडकं नाही. ते आमच्या बोअरमधून येतं, टाकीतून, गाळण्यांच्या रांगेतून. मी भिंतीवरच्या काट्याकडे बघत होते. पाण्याचा दाब दाखवणारा काटा. एरवी तो एका जागी चिकटल्यासारखा असायचा. आता थरथरत होता.

मग स्वयंपाकघरातला नळ खोकला. बंदच होता तो, तरी खोकला. पाईपात हवा शिरली की होतं तसं.

"काय गं ते?" ममा म्हणाली.

"डॅडी काहीतरी करतायत बाहेर."

"काय करतायत?"

"पंप जुना झालाय, ममा. तू केक बघ."

मशीन पाण्यासाठी ओरडलं तर मला सगळं थांबवून तिचं रक्त तिला परत करायला लागतं, ते मला येतं. पण नंतर ते का ओरडलं हे क्लिनिकला कळवावं लागतं. आणि क्लिनिकला कळलं की संपलं. मिस त्रेविन्यो, आमची नर्स, तिनेच मला शिकवलं होतं. अठराची झाले त्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "डेल, पाण्याचा भरवसा नसेल तर घरी मशीन नाही. मला दया येऊन उपयोग नाही." मग ममाला पुन्हा शहरातल्या क्लिनिकमध्ये जावं लागणार. दीड तास जायचं, दीड तास यायचं, आठवड्यातून तीनदा. एक वर्ष ती गेली होती. संध्याकाळी पिळून टाकलेल्या फडक्यासारखी परत यायची आणि बूटसुद्धा न काढता पडून राहायची. घरी मशीन आल्यावर ती पुन्हा माणसात आली. पुन्हा डॅडींना टोमणे मारायला लागली.

काटा स्थिर झाला. थोड्या वेळाने डॅडी मागच्या दाराने आत आले आणि सिंकपाशी जाऊन उभे राहिले. नळ सोडता येत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. मग हात नुसते पँटला पुसले. बोटं निळी होती.

मला कळलं. त्यांनी फीत सोडली होती.

आमच्याकडे बोअरचं पाणी असं मोजतात. पोलादी फितीच्या टोकाला निळा खडू चोळायचा, सुताराचा असतो ना, तो. फीत आत सोडायची आणि वर ओढायची. खडू जिथपर्यंत ओला होऊन गडद झाला तिथे पाणी. मोजायला कठीण काही नाही. सांगायला कठीण आहे. आमच्या काउंटीत कुणी कुणाला पाणी किती फुटांवर आहे हे विचारत नाही. एखाद्या बाईला वजन विचारल्यासारखं आहे ते. तरी कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं, "भरपूर आहे." पाणी कमी आहे म्हणालात तर जमिनीची किंमत गेली, किमतीबरोबर नाव गेलं. माझा आजा असंच म्हणत मेला.

"किती?" मी हळूच विचारलं.

डॅडी आतल्या खोलीकडे बघत म्हणाले, "भरपूर आहे."

"डॅडी, तुमची बोटं बघा."

त्यांनी हात खिशात घातले. "खडू संपलाय. दुकानात जाशील का दुपारी?"

दुपारी ममा मशीनवरून उतरून झोपली, तेव्हा मी पिकअप काढला. रस्त्यात व्हॉसांचं रान लागतं. व्हॉसांची पोरं ह्यूस्टनला असतात. त्यांनी रान एका कंपनीला भाड्याने दिलं, म्हणजे खरं तर रानाखालचं पाणी. कुंपणाआत निळ्या पाईपांचे ढीग होते, एकेका पाईपात मी उभी राहू शकेन एवढे. ते पाणी शहराकडे जाणार होतं. पाईप अजून जोडले नव्हते, पण बोअरी खणून झाल्या होत्या आणि चाचणी म्हणून कंपनी पाणी उपसून ओढ्यात सोडायची. चाचणी चालू असली की दुसऱ्या दिवशी आमचा काटा थरथरायचा. यात बेकायदा काही नाही. आमच्या राज्यात ज्याची जमीन त्याचं खालचं पाणी, आणि मोठा पंप लावला तर शेजाऱ्याच्या जमिनीखालचं पण त्याचंच. शेजाऱ्याने रडायचं.

यावर एकच उपाय होता, भूजल मंडळ. राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला की काउंटीचं स्वतःचं मंडळ होतं. मग मोठ्या पंपाला त्या मंडळाची परवानगी लागते आणि किती उपसायचं ते मंडळ ठरवतं. घरच्या बोअरींना हात लावत नाहीत. पलीकडच्या दोन काउंट्यांत आहे असं मंडळ. म्हणून तर कंपनी आमच्याकडे आली. आमच्याकडे विचारणारं कुणी नव्हतं.

दुकानात मिस हर्टा काउंटरवर होती. सत्तरीची असेल, केस मात्र नेहमी नुकतेच सेट केल्यासारखे.

"निळा खडू," मी म्हणाले.

"संपला."

"लाल द्या मग."

"तो पण संपला. परवाच खोका आला होता." ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "एवढं काय बांधतायत सगळे, कोण जाणे. एक नवी भिंत दिसत नाही गावात."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिला खरंच कळलं नव्हतं, का ती नाटक करत होती, सांगता येत नव्हतं. तिचे केस रोज सेट केलेले का असतात ते मात्र मला तेव्हा कळलं. पार्लरमध्ये धुऊन मिळतात.

बाहेर मिस्टर कुबेना त्यांच्या पिकअपमध्ये बसत होते. आमच्या पश्चिमेचे शेजारी. मागे काहीतरी मोठं चौकोनी होतं, त्यावर ताडपत्री, ताडपत्रीवर गवताच्या दोन पेंढ्या. ताडपत्रीखालून थेंब थेंब पाणी गळत होतं.

"काय नेताय, मिस्टर कुबेना?"

"गवत."

"गवत गळतंय."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले. "ओरसाकची पोर ना तू? शाळेतून काढली ती?"

"काढली नाही. मी सोडली."

"बरं केलंस. शाळेचा जीव वाचला."

रविवारी प्रार्थनेनंतर डान्स हॉलमध्ये आमदार हॉलिस येणार होते. आमची विधानसभा दोन वर्षांतून एकदाच बसते, थोडे महिने, आणि ती बसली होती. मंडळाचं विधेयक त्यांनी आता मांडलं तर ठीक. नाहीतर पुन्हा दोन वर्षांनी. दोन वर्षांत व्हॉसांचे पंप ओढ्यातल्या बेडकांनासुद्धा शहरात पोचवून आले असते.

ममा म्हणाली मी पण येणार. रविवार तिचा मशीनचा दिवस नव्हता. तिने लिपस्टिक लावली. डॅडी म्हणाले, "बर्नी, दगदग होईल." ती म्हणाली, "खुर्चीतच बसायचंय ना? त्यात मी तरबेज आहे."

हॉल भरला होता. टेबलावर कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, मांडले होते, खसखशीचे आणि प्लमचे, शेजारी कॉफी उकळायचा मोठा डबा. पेपरच्या प्लेटा, पेपरचे कप. मिसेस कुबेनांच्या चिनी मातीच्या बशा पहिल्यांदाच कुठे दिसल्या नाहीत. त्यांच्याकडे विसळायला पाणी नव्हतं, दुसरं काय. आणि टेबलाच्या टोकाला, प्लेटमध्ये दोन कोलाचे घेऊन, मिस त्रेविन्यो उभी होती. तिचं सासर आमच्याच काउंटीतलं, मिस नुसतं म्हणायला. मला बघून तिने हात केला.

"ती का आलीय?" मी डॅडींच्या कानात विचारलं.

"कोलाचे खायला आली असेल. शांत बस. आज तोंड उघडायचं नाही तू."

आमदार हॉलिस बुटका माणूस, चेहरा दमलेला, आवाज चांगला. त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून कंपनीचा माणूस उभा होता. जीन्सला इस्त्रीची घडी. जीन्सला इस्त्री करणाऱ्या माणसावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

"विधेयकाची सूचना पेपरात देऊन झालीय," आमदार म्हणाले. "मांडायला मी तयार आहे. पण राजधानीत समितीसमोर पहिला प्रश्न हाच येणार की कुणाला हवंय हे मंडळ? कुणाची बोअर खाली गेलीय? मी काय सांगू? म्हणून आधी तुम्हाला विचारतो. कुणाच्या बोअरचं पाणी खाली गेलंय?"

कॉफीचा डबा गुरगुरत होता तेवढाच.

"मिस्टर कुबेना?"

"भरपूर आहे," मिस्टर कुबेना म्हणाले.

"मिस्टर टीमन?"

"माझ्या आजोबांच्या वेळचं आहे पाणी. कुठे जातंय?"

"आणि उद्या माझ्या बोअरला मीटर लावणार तुमचं ते मंडळ," मागून कुणीतरी म्हणालं. बऱ्याच माना हलल्या.

"घरच्या बोअरींना मीटर नाही," आमदार म्हणाले. "विधेयकात स्पष्ट लिहिलंय."

"आज लिहिलंय."

लोक हसले. कंपनीचा माणूस पण हसला, फार नाही, घडी मोडणार नाही एवढंच. आमदारांनी घड्याळ बघितलं आणि समोरचे कागद एकावर एक ठेवायला लागले. कागद आवरणारा माणूस निघण्याच्या बेतात असतो.

तेव्हा मी त्यांचे हात बघितले. आमदारांचे नाही, बाकीच्यांचे. पुढच्या ओळीत पुरुष बसले होते, कप धरून, टोप्या मांडीवर ठेवून. नखांच्या कडेला निळं, बोटांच्या वळ्यांत निळं. मिस्टर टीमनच्या टोपीच्या कडेवर निळा अंगठा उमटलेला. रविवारची आंघोळ करून, पांढरे शर्ट घालून आले होते, पण तो खडू सहज निघत नाही, आणि पाणी कमी असेल तर मुळीच नाही.

माझं डोकं फिरलं. हे मी ठरवून केलं असं म्हणणार नाही. उभी राहिले तेव्हा खुर्ची मागे पडली, सगळे वळले.

"हात दाखवा," मी म्हणाले.

"डेल," डॅडी म्हणाले.

"मिस्टर टीमन, हात दाखवा ना. काय रंगवत होता? ईस्टरची अंडी?"

"अल्विन, पोरीला आवर," मिस्टर टीमन म्हणाले. पण त्यांनी मूठ मिटली, सगळ्यांना दिसली.

"दुकानात निळा खडू संपलाय. लाल पण संपलाय. अख्खी काउंटी बोअरीत फीत सोडून बसलीय आणि इथे येऊन भरपूर, भरपूर. मिस्टर कुबेना, तुमचं गवत अजून गळतंय का? मिसेस कुबेना, तुमच्या बशा कुठायत? मिस हर्टा, तुम्ही घरी डोकं शेवटचं कधी धुतलंत?"

"काय जीभ आहे," कुणीतरी म्हणालं.

आमदारांचे हात कागदांवर थांबले होते.

मिस्टर कुबेना हळूहळू उठले. उंच माणूस आहे, उठायला वेळ लागतो. "खूप दिसतं तुला," ते म्हणाले. "दुसऱ्यांच्या घरातलं. तुमच्या बोअरचं सांग की. तुमचं किती खाली गेलंय?"

मिस त्रेविन्योने प्लेट खाली ठेवली नव्हती अजून, पण खात पण नव्हती. मी काही बोलायच्या आधी डॅडी उठले. एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, जड. दुसरा खिशात.

"आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे," ते म्हणाले.

मिस्टर कुबेनांनी आमदारांकडे बघितलं, म्हणजे, झालं ना? आणि बसले. मागे कुणीतरी खुदकन हसलं. मी जे बोलले त्याचं तिथल्या तिथे भूस झालं. आता मी नुसती आगाऊ पोर, शाळेतून काढलेली. आमदारांनी पुन्हा कागद उचलले.

डॅडी खोटं का बोलले ते मला माहीत होतं. मी पण रोज तेच बोलत होते. मी ममाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, मांडीवरच्या पर्सची चेन उघडझाक करत होती. तिच्याकडून हो पण नाही आणि नको पण नाही. मला एक खूण हवी होती. मिळाली नाही.

मी गप्प बसले तर तिचं मशीन उद्या चालू राहील. परवा पण. मग पाईप जोडतील आणि एक दिवस नळ खोकायचा पण थांबेल.

"नाहीये," मी म्हणाले. डॅडींचा हात खांद्यावर दाबला गेला. "आमच्याकडे नाहीये पाणी. डॅडींनी या हिवाळ्यात मोटर दोनदा खाली सोडलीय, आता खाली पाईप उतरवायला जागा नाही. ममाचं मशीन चालू असताना काटा थरथरतो. गुरुवारी पाईपात हवा आली. तिचं रक्त मशीनमध्ये होतं तेव्हा."

शेवटचं वाक्य बोलताना मी मिस त्रेविन्योकडे बघितलं. बघायचं नव्हतं. तिने प्लेट टेबलावर ठेवली, अगदी हळू, मशीनचं झाकण लावतात तशी.

डॅडींनी खिशातला हात बाहेर काढला. मला वाटलं मारतायत. त्यांनी तो नुसता समोर धरला, बोटं पसरून, निळी, आणि स्वतःच त्याच्याकडे बघत राहिले. "दोनशे चाळीसवर आहे," ते म्हणाले. "उन्हाळ्यात एकशे नव्वदवर होतं."

मी त्यांच्या तोंडून आकडा पहिल्यांदाच ऐकत होते.

मला वाटलं आम्हीच नागडे झालो, बाकीचे कपडे सावरून घरी जाणार. मग मिस हर्टा बसल्याबसल्याच म्हणाली, "नाताळपासून नाही धुतलं. घरी." आणि केसांवरून हात फिरवला. कुणी हसलं नाही. मिसेस कुबेना नवऱ्याला म्हणाली, "सांग रे." त्यांनी मांडीवरची टोपी उचलली. "तू सांगतोस का मी सांगू?"

"आटली," मिस्टर कुबेना टोपीला म्हणाले. "थँक्सगिव्हिंगच्या आधीच, नोव्हेंबरात."

त्यानंतर आकडे यायला लागले. कुणी उभं राहून, कुणी बसून, कुणी शेजाऱ्यालाच कुजबुजून. कंपनीचा माणूस फोन कानाला लावून बाहेर गेला. आमदार लिहून घेत होते. शेवटी ते म्हणाले, "मांडतो मी. पास होईल असा शब्द देत नाही. आणि झालं तरी नोव्हेंबरात तुम्हालाच मत द्यायचंय मंडळाला. तेव्हा पुन्हा भरपूर म्हणू नका."

बाहेर पार्किंगमध्ये मिस त्रेविन्यो आमच्या पिकअपपाशी आली. तिच्या बोटाला प्लमचा जॅम लागला होता. "उद्या मशीन लावू नका," ती म्हणाली. "मी सकाळी क्लिनिकमध्ये खुर्ची बघते. बर्नाडेट, मला माफ करा."

"तुम्ही काय केलंय?" ममा म्हणाली.

"डेल, तू मला आधी फोन करायला हवा होतास."

"केला असता तर तुम्ही काय केलं असतं?"

"हेच."

"मग?"

डॅडी म्हणाले, "पुरे."

घरी निघालो. मी मधे बसले होते, डावीकडे डॅडी, उजवीकडे ममा. व्हॉसांचे पाईप आले आणि गेले. मी वाट बघत होते की ममा म्हणेल, चांगलं केलंस. किंवा डोक्यावरून हात फिरवेल. मला लाज वाटते सांगायला, पण बघत होते.

"तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं?" ती म्हणाली. खिडकीबाहेर बघतच. "पंपाची शेड माझ्या खुर्चीमागच्या भिंतीला लागून आहे, डेल. मी दिवसभर काय ऐकते तिथे बसून? केक?"

"मग बोललीस का नाहीस?"

"कारण मला अजून थोडे दिवस हवे होते. घरी. तू मला विचारायचं होतंस. मी तिथेच बसले होते."

"तू हो म्हणाली असतीस?"

डॅडींनी पिकअप अंगणात घेतला आणि इंजिन बंद केलं, तरी आम्ही बसूनच होतो.

तेव्हापासून ममाला क्लिनिकला मीच नेते. जाताना ममा बोलते, येताना नाही. पार्किंगमध्ये पिकअपमध्ये बसून मी थांबते, कारण आत थांबलं की त्या एका ओळीतल्या खुर्च्या बघाव्या लागतात, आणि सगळ्यांच्या अंगावर घरून आणलेली पांघरुणं. मला झोप येत नाही. फोनवर विधेयक कुठे पोचलं ते बघत बसते. समितीत गेलं. समितीपुढे मिस्टर टीमन स्वतः बोलून आले, पांढरा शर्ट घालून. मग अडकलं. मग सुटलं. खालच्या सभागृहातून वरच्या सभागृहात गेलं. मिस्टर कुबेना मात्र माझ्याशी बोलत नाहीत. आमच्या रस्त्याला समोरून गाडी आली की सगळेच स्टिअरिंगवरचं एक बोट नमस्काराला उचलतात, ओळखीचा असो नसो. ते मला बघून बोट उचलत नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर घट्ट, जणू बर्फावरून चाललेत.

घरी डॅडी रोज फीत सोडतात आणि आकडा स्वयंपाकघरात मोठ्याने सांगतात. मग मिस हर्टाला फोन करून सांगतात, ती दुकानाच्या दारावर सगळ्यांचे आकडे लिहिते. आमचा आकडा वाढत चाललाय. वाढतो म्हणजे पाणी उतरतं.

मेच्या शेवटी, अधिवेशन संपायला आलं तेव्हा, आमचं विधेयक स्थानिक यादीत लागलं. त्या यादीवर चर्चा नसते. एक माणूस नाव वाचतो, हातोडा पडतो, पुढचं. पण कुणीही सदस्य नको म्हणाला की विधेयक यादीतून बाहेर, आणि त्या वेळेला बाहेर म्हणजे दोन वर्षं बाहेर. कंपनीची माणसं आठवडाभर राजधानीत जेवणं देत फिरत होती, असं आमदारांच्या ऑफिसातली बाई फोनवर म्हणाली होती.

ममा आत होती. मी पिकअपमध्ये, काचा खाली, मांडी सीटला चिकटलेली, फोनवर सभागृह लावलेलं. चित्र सारखं अडकत होतं. नाव, हातोडा. नाव, हातोडा. कुठल्याशा हॉस्पिटलचं, कुठल्याशा रस्त्याचं. एक सदस्य उठला, मी सरळ बसले, तो पाणी प्यायला उठला होता. मग आमच्या काउंटीचं नाव. आणि चित्र अडकलं. वाचणाऱ्याचं तोंड उघडं, हातोडा वर. मी फोन खिडकीबाहेर धरला, आत घेतला, टपावर धरला. शिव्या दिल्या. शेजारच्या गाडीतल्या म्हाताऱ्या बाईने काच वर केली.

चित्र हललं तेव्हा ते पुढचं नाव वाचत होते. म्हणजे हातोडा पडला होता की आमचं काढून टाकलं होतं? मी आमदारांच्या ऑफिसला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. मग डॅडींचा आला.

"झालं," ते म्हणाले. मागे मिस हर्टाच्या दुकानातला गलका ऐकू येत होता. "हे झालं. गव्हर्नरची सही राहिलीय. मग नोव्हेंबर."

"आणि कंपनी?"

"पाईप जोडतायत. आज सकाळपासून." मागून कुणीतरी त्यांना हाक मारली. "ममाला सांग."

ममा क्लिनिकच्या दारातून बाहेर आली, हाताला पट्टी, चेहरा राखेसारखा. मी तिचा दंड धरला, तिने धरू दिला.

"पास झालं, ममा."

ती पिकअपमध्ये चढली, पट्टा लावला, डोकं मागे टेकलं. मला वाटलं झोपली. गावाबाहेर आल्यावर तिने डोळे न उघडता विचारलं, "आज किती?"

"काय?"

"आपली बोअर. डॅडींनी सकाळी सांगितलं असेल ना."

मी सांगितलं. कालच्यापेक्षा वीतभर खाली.

"हं," ती म्हणाली. "म्हणजे मी तिकडेच."

"सध्या."

"सध्या," ती म्हणाली. येताना ती इतकं कधी बोलली नव्हती.

आमच्या रस्त्याला वळलो तर कुंपणाआत क्रेन उभी होती आणि एक निळा पाईप हवेत लटकत होता. समोरून मिस्टर कुबेनांचा पिकअप येत होता. मागे पाण्याची टाकी उघडी, ताडपत्री नाही, गवत नाही. मी रस्त्याकडे बघत राहिले. जवळ आले तेव्हा त्यांचं एक बोट स्टिअरिंगवरून वर आलं. ममासाठी होतं की माझ्यासाठी, कळायला वेळच मिळाला नाही. मी पण उचललं.